बिलाशिवाय भामरेकाकू

आमच्या सोसायटीत कोणाच्याही घरी वास्तुशांत झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी भामरेकाकूंना बोलावणं जायचं. जेवायला नव्हे, जेवणं आदल्या दिवशीच उरकलेली असायची. बोलावणं असायचं भिंतीवरच्या घड्याळांसाठी. दोन खोल्यांच्या घराला किती वेळा वेळ बघायला लागते? पण आहेरात घड्याळं यायची ती ढिगानं. मग त्या घरची बाई दार लोटून घ्यायची, सगळा आहेर सतरंजीवर मांडायची आणि काकू मधोमध मांडी घालून बसायच्या. चष्मा दोऱ्याला बांधून गळ्यात लटकवलेला असायचा, तो नाकावर चढवायच्या आणि एकेक खोकं उलटसुलट करून निकाल द्यायच्या.

"हे जाईल. हे नाय जाणार, ह्याचं खोकं फाटलंय. हा लेमनसेट जाईल. आणि हे घड्याळ... हे गं तूच मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दिलं होतं. फिरून घरी आलं बिचारं."

जे 'जाईल' ते काकू दुकानात परत द्यायला न्यायच्या. बिल नसताना. आहेराचं बिल कोणाकडे असतं? देणाऱ्याकडे. आणि देणाऱ्याला फोन करून 'तुम्ही दिलेलं आवडलं नाही, जरा बिल पाठवता का' असं विचारण्याची छाती अख्ख्या नाशकात कोणाची नसावी. त्यामुळे नको असलेला आहेर एकतर माळ्यावर जातो, नाहीतर पुढच्या लग्नात. आमच्या सोसायटीत मात्र तिसरी वाट होती आणि ती भामरेकाकूंच्या दारावरून जायची.

काकू उंच, काटक, चालायला लागल्या की बरोबरच्याला पळायला लावणाऱ्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात सटाण्याच्या कुठल्याशा बियाण्याच्या दुकानाची कापडी पिशवी, तिच्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेलेली. माहेर सटाण्याच्या पुढचं, डाळिंबाच्या बागांमधलं. लग्न होऊन नाशकात आल्या, काका ओझरला विमानाच्या कारखान्यात होते, मुलं इथल्याच शाळेत शिकली. काकूही इथल्यासारखं बोलायला शिकल्या. पण राग आला किंवा जीव कळवळला की बोलणं सरळ अहिराणीवर जायचं. मी लहानपणी जिन्यात पडून गुडघा फोडून घेतला तेव्हा त्यांनी मला उचलून ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "कसाले रडस वं? मी शे ना." पुढे आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बऱ्याच प्रकारे धीर दिला, पण 'मी शे ना', म्हणजे 'मी आहे ना', एवढ्या तीन शब्दांत तो कोणाला देता आला नाही.

दुकानात जायची त्यांची एक पद्धत होती. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्या कधी जायच्या नाहीत. दारात उभ्या राहून आधी विचारायच्या, "भवानी झाली का?" दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आत विकलेला माल परत आलेला कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही. काकूंना हे पटायचं. "सकाळी सकाळी त्यानं देवाला उदबत्ती लावली, आणि आपण जाऊन त्याच्या गल्ल्यातून लक्ष्मी बाहेर काढायची? आपल्या घरात कोणी असं केलेलं चाललं असतं का?" भवानी झाली नसेल तर त्या स्वतः काहीतरी विकत घ्यायच्या, मग परत करायचं सामान बाहेर काढायच्या. हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा हातरुमाल. कपड्यांच्या दुकानात रुमाल मिळतोच, भांड्यांच्या दुकानात मग एखादा चमचा. भामरेकाकांना आयुष्यात बाकी कशाची कमतरता भासली असेल, रुमालांची नाही. त्यांच्या कपाटात नव्या कोऱ्या रुमालांची चळत होती, आणि ते बिचारे रोज एकच जुना रुमाल धुऊन वापरायचे.

मग संवाद सुरू व्हायचा. तोही ठरलेला.

"बिल?"

"बिल नाय. बिल असतं तर मी कशाला आले असते? पोराला नसतं पाठवलं?"

यावर दुकानदार हसला की निम्मं काम झालेलं असायचं. नाही हसला तर काकू काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून घ्यायच्या. भांडायच्या नाहीत, आवाज चढवायच्या नाहीत. त्याच्या मुलीची शाळा, आईचे गुडघे, दुकानासमोर उकरून ठेवलेला रस्ता, सगळ्याची चौकशी व्हायची. अर्ध्या तासानं तो स्वतःच म्हणायचा, "द्या काकू, काय आहे ते."

पण त्या खोटं बोलायच्या नाहीत, आणि या एका गोष्टीपायी त्यांचे कितीतरी खटले बुडाले. एकदा पुण्याच्या मुलानं काकांसाठी बूट पाठवले. महागातले, पण बोटांना घट्ट. त्याच कंपनीचं दुकान आपल्याकडच्या मॉलमध्येही आहे म्हणून काकू बूट घेऊन निघाल्या, आणि मॉल बघायचा म्हणून मीही मागे लागले. काउंटरवरचा मुलगा विशीतला, टाय लावलेला. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टम बिलाशिवाय एक्स्चेंज घेत नाही." काकू म्हणाल्या, "सिस्टम नाय घेत, तू तर घेशील?" तो हसला. त्यानं बूट उलटे करून पाहिले. तळ कोरे होते. म्हणाला, "वापरलेले दिसत नाहीत. मी मॅनेजरना विचारून बघतो." झालं होतं काम. इतक्यात काकू म्हणाल्या, "वापरलेत रे बाबा. दोन दिवस घरात घालून फिरले ते. फरशीवरच, पण फिरले."

मी कपाळाला हात लावला. मॅनेजर अर्थातच नाही म्हणाले. तो मुलगाच ओशाळला. काकूंनी त्याला विचारलं, "जेवना का भाऊ?" जेवलास का, असं विचारलंय हे त्याला कळलं नाही. मग त्यांनी पिशवीतून एक डाळिंब काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं आणि आम्ही निघालो. सरकत्या जिन्यावरून उतरताना मी चिडून म्हटलं, "काकू, तुम्हाला गप्प बसायला काय झालं होतं?"

"तो पोरगा माझ्यावर विश्वास ठेवून सायबाला विचारायला चालला होता. उद्या बूट दुसऱ्याच्या पायात गेले असते ना." एवढंच म्हणाल्या आणि जिन्यावरून शेवटची पायरी यायच्या आत उडी मारून उतरल्या. सरकत्या जिन्याचा तेवढा एक त्यांना धसका होता.

आणखी एक गोष्ट त्या कधीच परत करायच्या नाहीत, ती म्हणजे देव. हल्ली आहेरात गणपती फार येतात. संगमरवरी दिसणारे, चांदीचा मुलामा दिलेले, पुस्तक वाचणारे, तबला वाजवणारे. एखादीकडे चौथा गणपती आला की ती काकूंना म्हणायची, एवढा घेऊन जा. काकू तो न्यायच्या, पण दुकानात नाही, स्वतःच्या घरी. "देवाला 'नको' म्हणून काउंटरवर ठेवायचं म्हणजे काय?" त्यांच्या शोकेसमध्ये कपबशा मागे सरकत सरकत शेवटी स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्या फळ्या गणपतींनी भरल्या. काका म्हणायचे, "आमच्याकडे बाराही महिने चतुर्थी."

हे सगळं मी हसत सांगते आहे, आणि काकूंना ते आवडेलही. पण मला सांगायचं आहे ते एका साडीविषयी.

माझे बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते. आई एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती. तिला रंगांचं वेड. बाबांना साडीतलं काही कळत नसे, पण दुकानात 'सगळ्यात गडद दाखवा' म्हणायचं एवढं त्यांना माहीत होतं. ते गेल्यावर आईनं त्या सगळ्या साड्या एका बॅगेत भरल्या आणि बॅग माळ्यावर टाकली. तसं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. करू नको असंही कोणी म्हणालं नाही. आमच्या घरात एकदम सगळं बदामी आणि राखाडी होऊन गेलं.

काकूंनी वर्षभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, तुझी ती मोरपंखी साडी दे बरं. सटाण्याला भाचीचं लग्न आहे." आईनं बॅग उतरवली, साडी दिली. काकू ती नेसून खरोखरच लग्नाला गेल्या, धुऊन इस्त्री करून आणली आणि परत देताना आईच्या हातात दिली नाही. आई ऑफिसला निघताना ज्या खुर्चीवरची साडी उचलायची, त्या खुर्चीच्या पाठीवर टाकून निघून गेल्या. साडी तिथे आठवडाभर होती. पुढच्या सोमवारी आई ती नेसून ऑफिसला गेली. महिन्याभरानं काकूंकडे बारसं निघालं, त्यांना जांभळी हवी होती. मग मुंज, मग साखरपुडा. असं करत करत सगळी बॅग खाली आली. काकूंच्या नात्यात तेवढी कार्यं होती म्हणून बरं.

माझं लग्न ठरलं तोवर आई पुन्हा आई झाली होती. लग्नात कोणता रंग नेसायचा यावर आमची रोज चर्चा व्हायची. सासर नाशिकरोडचं, माणसं चांगली, नवरा मुलगा माझ्याच ऑफिसातला. बस्ता, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे, त्यांनी मेन रोडच्या एका जुन्या मोठ्या दुकानातून बांधला होता. लग्नाला थोडे दिवस उरले असताना त्यांच्याकडून आमच्या बाजूच्या बायकांचे मानपान आले. मामीची साडी, आत्याची, मावशीची. काकू मला मावशीसारख्याच म्हणून त्यांचीही, चांगली जरीची. आणि आईची.

आईची साडी राखेच्या रंगाची होती. पोत चांगला होता, काठ बारीक, त्याच रंगात मिसळून जाणारा. पाहुण्यांसमोर आई म्हणाली, "छान आहे हो, अगदी हलकी आहे." पाहुणे गेल्यावर तिनं ती साडी नीट कपाटात ठेवली. मग माळ्यावरची जुनी बॅग काढली आणि मोरपंखी साडी तिच्यात घातली.

"आई, काय करतेस?"

"काही नाही गं. बरोबरच आहे त्यांचं. मीच विसरले होते." मग बॅग बंद करत म्हणाली, "कन्यादान मामा-मामी करतीलच. मी मागे बसेन. पुढे पुढे करायला नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं लागली होती तिला त्या रंगांमधून पुन्हा घरात यायला, आणि एका साडीनं तिला परत मागे नेऊन बसवलं. मी होणाऱ्या नवऱ्याला फोन लावायला घेतला. लग्न मोडलं तरी चालेल, असं मी खरंच मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात काकू विरजण मागायला आल्या. हातात वाटी, आणि समोर आम्ही दोघी. त्यांनी आईकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या.

"काकू, त्यांनी आईला..."

"दिसतंय मला. फोन ठेव. आत्ता भांडलीस तर साडी राहील बाजूला आणि ही जन्मभर म्हणत बसेल की माझ्यामुळं झालं. ती साडी आण इकडं."

मी साडी आणून दिली. काकूंनी ती उलटीसुलटी केली, चष्मा लावून टोकं पाहिली, पुन्हा एकदा पाहिली. मग पिशवीत टाकली. "सुमन, उद्या सकाळी माझ्याबरोबर मेन रोडला यायचं. दुकान उघडताना." मी चकित झाले. उघडताना? काकू? भवानीच्या आधी?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षानं शालिमारपर्यंत गेलो आणि तिथून चालत. दुकानात नुकतीच उदबत्ती लागली होती, पांढऱ्या गाद्या झटकत होते. म्हातारे शेठ गल्ल्यामागे बसलेले. काकूंनी दारातून विचारलं, "भवानी झाली का?"

"नाही ना बाई. या, तुम्हीच करा."

"म्हणूनच आले." आणि त्या गादीवर बसल्या. "ब्लाऊजपीस दाखवा. गडदातले. सुमन, तू निवड, तुझी नजर चांगली आहे."

रंगांचे तुकडे समोर पडले. आईचा हात त्यांच्यावरून फिरला. तिचं लक्ष नव्हतं, पण हाताला सवय होती. एका डाळिंबी तुकड्याशी तो थांबला. काकू म्हणाल्या, "हेच द्या." ते ब्लाऊजपीस घेतलं गेलं, भवानी झाली, शेठनी पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकले. मग काकूंनी ब्लाऊजपीस आईच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवीतून ती साडी काढली.

"आता ह्याच्यावर साडी द्या. ही घ्या आणि हीच ह्या रंगात द्या."

"बिल?"

"बिल नाय. बस्ता नाशिकरोडच्या लोकांनी बांधला, बिल त्यांच्याकडं. दुकान तुमचंच, शिक्का बघा घडीवर."

"बाई, दुकान आमचं आहे, दिसतंय. पण मानपानाची साडी आम्ही परत घेत नाही. बिल असलं तरी नाही." शेठ नम्रपणे म्हणाले. "देताना टोकाला हळदीकुंकू लावलेलं असतं. एकीच्या नावानं कुंकू लागलं की ती साडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कशी दाखवायची?"

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या. "बघा मग कुंकू."

त्यांनी साडीची चारी टोकं गादीवर पसरली. शेठनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. एक टोक, दुसरं टोक. कोरी होती सगळी.

"विसरले असतील लावायला," शेठ म्हणाले.

"मलापण आली शेठ साडी त्याच गठ्ठ्यातून. मी शेजारीण. माझ्या साडीला कुंकू हाय. मामीच्या हाय, आत्याच्या हाय. मुलीच्या आईच्या साडीला नाय. विसरले नाय ते."

गाद्या झटकणारे थांबले. मी आईकडे बघायचं टाळत होते, कारण मला वाटत होतं की हे तिला आत्ताच कळतं आहे. पण आई हळूच म्हणाली, "मी पाहिलं होतं, वहिनी. हातात घेतली तेव्हाच पाहिलं होतं."

काकूंनी तिचा हात धरला. "माले म्हाईत शे," त्या म्हणाल्या. "माले म्हाईत शे वं."

शेठ उठले. वयामुळे त्यांना गादीवरून उठायला वेळ लागला. दुकानातल्या माणसाला न पाठवता स्वतः वर गेले आणि एक साडी घेऊन खाली आले. तोच पोत, तशीच वीण, रंग पिकल्या डाळिंबाचा. आईच्या मांडीवरच्या तुकड्याशेजारी धरून पाहिली. "जुळतंय," म्हणाले. मग गल्ल्यामागच्या देवांच्या तसबिरीखालून पूजेची कुंकवाची डबी घेतली, बोट बुडवलं आणि साडीच्या टोकाला एक ठसठशीत ठिपका लावला.

"आता ही परत आणायची नाही, बाई."

"आणली तर घेऊ नका," काकू म्हणाल्या.

मी तिथे रडले. दुकानातल्या लोकांना वाटलं असेल की नवरी मुलगी माहेर सुटणार म्हणून रडते आहे. काकूंनी मला रुमाल दिला, नवा कोरा, घडीचा.

मला वाटलं होतं, झालं. पण काकूंना लपवाछपवी जमायची नाही. पायऱ्या उतरून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना फोन लावायला लावला.

"ताई, मी भामरेकाकू. सुमनची शेजारीण. तुम्ही दिलेली साडी आम्ही बदलून आणली. तुमच्याच दुकानातून. रंग डाळिंबी घेतलाय. लग्नात बघून तुम्हाला धक्का नको म्हणून आधीच सांगते." मग म्हणाल्या, "तिला रंग शोभतात हो. तुम्ही तिला नीट पाहिलं नाय अजून."

फोन स्पीकरवर होता. मग सासूबाई म्हणाल्या, "डाळिंबीच मी आधी काढली होती हो. बरोबरच्या बायका म्हणाल्या, असं बरं दिसत नाही, म्हणून ठेवून दिली. बरं केलंत तुम्ही."

त्या फोनचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला लग्नानंतर कळलं. मी भांडून त्या घरात गेले असते तर सासूबाईंमधली ही बाई मला कधी दिसलीच नसती. आम्ही दोघी एकमेकींशी आज मोकळेपणानं बोलतो, त्याचा पाया मेन रोडच्या त्या पायऱ्यांवर घातला गेला. लग्नात कन्यादान मामा-मामींनीच केलं, तेवढं काही बदललं नाही. पण आई मागे बसली नाही. पहिल्या रांगेत, डाळिंबी साडीत, काकूंच्या शेजारी बसली होती. सगळ्या फोटोंमध्ये आधी तीच दिसते.

भामरेकाका मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेत, काही त्रास न देता, त्यांच्या स्वभावाला धरूनच. आम्ही गेलो तेव्हा घर भरलेलं होतं आणि काकू कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांनी रुमालांची ती चळत बाहेर काढली आणि जो रडत होता त्याच्या हातात एकेक देत फिरल्या. स्वतः रडत नव्हत्या. "वापरलेच नाय त्यांनी," एवढंच म्हणत होत्या.

दिवस झाले. पुण्याचा मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायला आला होता. निघायच्या आधी मी आणि आई भेटायला गेलो. पलंगावर दुखवट्याच्या साड्या रचून ठेवल्या होत्या, माहेरच्या, नणंदांच्या, विहिणींच्या. बदामी, राखाडी, फिक्या निळ्या. काकूंच्या कपाळावर काही नव्हतं. त्या मोकळ्या कपाळाकडे मला बघवेना.

"ह्या परत नाय होणार," त्या साड्यांकडे बोट करून म्हणाल्या. "बिल नाय कोणाचं." मग जरा हसल्या. "सवयीनं टोकं बघितली गं मी सगळ्यांची."

आईनं पिशवीतून आमची साडी काढली. आदल्या दिवशी आम्ही दोघी मेन रोडला जाऊन आणली होती. मोरपंखी. तिनं ती काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी चष्मा नाकावर चढवला, घडी उलटी केली, पहिलं टोक पाहिलं, दुसरं पाहिलं आणि थांबल्या. कुंकू होतं. ठसठशीत, जरा पसरलेलं, कारण ते आईनं स्वतःच्या बोटानं लावलं होतं.

काकूंनी त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. पुसला जातोय की काय, असं बघत असल्यासारखा.

"बिल?" त्या म्हणाल्या.

"बिल आहे, वहिनी," आई म्हणाली. "पण आता कोणी परत घेणार नाही."

मग काकू रडल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि माझी शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलेली, अहिराणीचा एक शब्द न येणारी आई म्हणाली, "मी शे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान भरलं गेलं. गणपतींचं एक वेगळं खोकं होतं, ते काकूंनी पुढच्या सीटवर ठेवायला लावलं आणि त्याला पट्टा लावायला लावला. सगळी सोसायटी खाली उतरली होती. मग काकू जिन्यावरून आल्या. मोरपंखी साडी नेसल्या होत्या. दुकानातल्या घड्यांच्या रेघा तिच्यावर तशाच होत्या. कोणीतरी कोणाकडे तरी पाहिलं. काकूंनी कोणाकडेच पाहिलं नाही. सरळ गाडीत जाऊन बसल्या, पदर मांडीवर घेतला. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून त्यांनी मला हाक मारली.

"अगं, तुम्ही साडी घ्यायला गेलात तेव्हा भवानी झाली होती का?"

"नाही काकू," मी म्हटलं. "आम्हीच केली."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.